स्ट्रॉबेरी आपल्याकडं लावावी का? भिलारची तोडणी बघून आलो



जानेवारीत महाबळेश्वर-पाचगणी भागात स्ट्रॉबेरीची तोडणी बघून आलो. पुतण्या संगं होता. त्याचा हट्ट, "काका, सोयाबीनवर किती दिवस काढायचे? औंदा दहा गुंठे लावूच." ट्रॅक्टरचा हप्ता चालू आहे. म्हटलं, पैसा घालायच्या आधी रान तर बघू.

भिलार, म्हणजे पुस्तकांचं गाव. तिथं सकाळच्या गारव्यातच बाया तोडणीला लागतात. फळ दाबायचं नाही, देठ नखानं खुडायचा आन् थेट डब्यात ठेवायचं. स्ट्रॉबेरी तोडल्यावर रंग धरते, पण गोडी वाढत नाही. आंब्यासारखी अढी लावून चालत नाही. म्हणून लांबच्या बाजाराला थोडं कच्चट, जवळच्याला पूर्ण लाल. ऐन हंगामात एक-दोन दिवसाआड तोडणी, सुट्टी नाही.

त्यांचं गणित असं: परदेशातून मातृरोपं आणायची, त्यांच्या रनरपासून रोपं करायची, सप्टेंबर-ऑक्टोबरला गादीवाफ्यावर मल्चिंग आन् ठिबक करून लावायची. फळ मार्च-एप्रिलपर्यंत चालतं. तिथली उंची साडेतेराशे मीटरच्या आसपास, माती लाल, आम्लधर्मी. २०१० मध्ये इथल्या स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकन मिळालं ते उगाच नाही.

आता आपल्याकडचं बघा.

एक, माती. आपली काळी, चुनखडीची, सामू आठच्या वर. लोह लागत नाही. पानं पिवळी, शिरा हिरव्या.

दोन, पाणी. हे पीक क्षाराला लई नाजूक. आपल्या कितीतरी बोअरचं पाणी जड आहे.

तीन, ऊन. फेब्रुवारी सरता सरता आपल्याकडं चटका लागतो, फळ बारीक आन् मऊ पडतं. म्हणजे हातात दोन-अडीच महिने.

चौथी गोष्ट मात्र तिथल्या शेतकऱ्यानं सांगितली. तो म्हणाला, "पाव्हणं, चांगलं फळ कुणीबी इकतंय. मऊ पडल्यालं कुठं घालणार, ते आधी सांगा." त्यांच्याकडं रस्त्यावर पर्यटक आहे आन् जॅम-सिरपचे कारखाने जवळ आहेत. आपल्या लातूर-नांदेडात दुय्यम मालाला असं गिऱ्हाईक कुठंय?

एकरी साधारण २२ हजार रोपं. दहा गुंठ्याला साडेपाच हजार. रोपाला दहा-बारा रुपये सांगितले, म्हणजे निव्वळ रोपालाच पंचावन्न ते सहासष्ट हजार. मल्चिंग, औषध, मजुरी वेगळी.

येताना पुतण्या पंढरपूरपर्यंत बोललाच नाही. मग म्हणाला, "दोन गुंठे तरी?" त्याला मी हो म्हणलं. ठरलं ते असं:

– आधी माती आन् पाणी तपासायचं. पाण्याची क्षारता (ईसी) एकच्या वर गेली तर विषय बंद.
– काळं रान नाही, वरची मुरमाड पट्टी. अकराशे रोपं, वर शेडनेट.
– लावणीआधी लातुरातली आइस्क्रीम-ज्यूसवाली दोन दुकानं मऊ मालासाठी बोलून ठेवायची. ते काम पुतण्याचं.
– खर्च-उत्पन्नाची वही वेगळी. मार्चला जमली तरच पुढं.

नांदेड, लातूरकडं कुणी दोन हंगाम काढले असतील तर खरे आकडे कळवा. तोट्याचे असले तरी चालतील, तेच जास्त कामाचे.