रविवार सकाळचे ऋण

कुर्ल्यात वाढलेल्या आमच्या पिढीला निसर्ग म्हटले की गाव आठवायचे. मे महिन्याच्या सुट्टीत गावी गेले की झाडे, ओढा, पक्षी. परत आले की नेहरूनगरच्या इमारती, हमरस्त्याचा गोंगाट आणि पश्चिमेला मिठीचा वास. इथे आपल्याखेरीज कोणी राहते, हे मला बरीच वर्षे ठाऊक नव्हते. ते ज्यांनी दाखवले, त्यांतल्या बहुतेकांची नावेही मला माहीत नाहीत. रविवारची सकाळ स्वतःच्या घरासाठी न ठेवता ती माणसे आमच्यासारख्या अनोळखी लोकांना झाडे नि पाखरे दाखवत फिरत. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

शीव स्थानकावरून चालत गेले की धारावी आगारासमोर महाराष्ट्र निसर्ग उद्यान लागते. शिक्षिका म्हणून नोकरीला लागले, त्या सुमारास एका सहकारी बाईंच्या आग्रहाने मी तिथल्या निसर्गफेरीला गेले. फेरी नेणाऱ्या ताईंनी आम्हाला एका दाट सावलीत थांबवले आणि सांगितले, की आपण कचऱ्यावर उभे आहोत. सुमारे सदतीस एकरांची ती जागा एके काळी मुंबईचा कचरा टाकण्याची होती. तिथे जंगल करावे ही कल्पना डब्ल्यूडब्ल्यूएफ-इंडियाने मांडली, मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने ती उचलली, आणि 1994 मध्ये उद्यान लोकांसाठी खुले झाले. माती पसरून, रोपे लावून, ती जगवून उभे केलेले हे रान. माझ्या घरापासून इतके जवळ असून मी ते कधी पाहिले नव्हते.

पुढे त्यांनी आम्हाला मिठीच्या काठाशी नेले. 26 जुलै 2005 च्या पावसात, सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला त्या दिवशी, आमच्या तळमजल्यावरच्या शेजाऱ्यांचे सारे सामान पाण्यात गेले होते. तेव्हा आम्ही सगळ्यांनी पावसाला दोष दिला. नदीचा विचार मनात आला नाही, कारण ती आमच्या लेखी नालाच होती. विहार आणि पवई तलावांचे ओसंडलेले पाणी घेऊन ती साकीनाका, कुर्ला, कलिना असे करत माहीमच्या खाडीला मिळते, हे मी त्या काठावर उभी राहून शिकले. समोर वांद्रे-कुर्ला संकुलाच्या काचेच्या इमारती होत्या. ताईंनी चिखलातून वर आलेली खारफुटीची श्वसनमुळे दाखवली. भरतीचे पाणी या झाडीत पसरते नि संथ होते. भराव पडला की पाण्याला पसरायला जागा उरत नाही, आणि ते घरांत शिरते. इतके साधे होते ते. पण मला ते कोणीतरी हाताला धरून दाखवावे लागले.

त्याच फेरीत मी एका झुडपाचे नाव विचारले. ताई म्हणाल्या, “मला नाही माहीत. थांबा, पुस्तकात बघू या.” वर्गात मुलांनी विचारलेले आपल्याला आलेच पाहिजे, या धास्तीत मी त्या काळी शिकवत असे. ते ओझे त्या एका वाक्याने उतरले. आज माझ्या वर्गातली मुले माझ्याबरोबर शोधतात, हे त्यांचे देणे.

फुलपाखरांविषयीच्या एका कार्यक्रमात कळले, की कढीपत्त्यावरच्या अळ्या कॉमन मॉरमॉनच्या असतात. लहान असताना ती अळी पाखराच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवी होते. आमच्या घरात अशी अळी दिसली की पान तोडून खाली टाकायचे, असा रिवाज. आईला मी हे सांगितले. तिने एक फांदी अळ्यांसाठी सोडली आणि फोडणीला दुसरी ठेवली. शनिवारी मारुतीला ज्या रुईच्या पानांची माळ घालतो, त्या रुईवर प्लेन टायगर अंडी घालते. चिकातले विष अळी अंगात साठवते, म्हणून पक्षी त्या फुलपाखराच्या वाटेला जात नाहीत. आई तेव्हापासून माळ घेताना पाने उलटून बघते.

शिवडी तर आमच्या हार्बर मार्गावरच. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने तिथे भरवलेल्या फ्लेमिंगो महोत्सवाला मी शाळेतली मुले आणि त्यांचे काही पालक घेऊन गेले. ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलावर रोहित पक्ष्यांचे थवे उतरले होते. स्वयंसेवक तरुण दुर्बिणी लावून उन्हात उभे होते आणि रांगेतल्या प्रत्येकाला तितक्याच मायेने सांगत होते, की या पक्ष्यांचा गुलाबी रंग त्यांच्या खाण्यातून येतो. आमच्याबरोबर एक हमाली करणारे वडील होते. ते डोळा लावून बराच वेळ बघत राहिले; त्यांना कोणी घाई केली नाही. आपल्या शहरात अशी अदब मला फार कमी ठिकाणी दिसली आहे.

आता आमच्या सोसायटीत ओल्या कचऱ्याचे खत होते. फेब्रुवारीत पक्षिगणना असते, तेव्हा मुले गच्चीवरून साळुंक्या, घारी, तांबट मोजतात. हे सारे त्या रविवारांवरून उचललेले. माझे त्यात नवे काही नाही. नवे केले ते तळमजल्यावरच्या आजींनी, ज्यांचे घर त्या पुरात बुडाले होते. त्या मूळच्या जुन्नरकडच्या. एका पावसाळ्यात त्यांनी आवारात उगवलेला टाकळा खुडून मुलांना दाखवला, मग कुर्डू, मग फोडशी. त्यातून आमचा रानभाज्यांचा दिवस सुरू झाला. घरोघरची भाजी गच्चीवर येते, भाकऱ्या सगळ्या मिळून करतात. नाल्याकाठची किंवा रुळांकडची भाजी मात्र खुडायची नाही, हे आजी दरवर्षी बजावतात, आणि ते बजावायलाच हवे.

मुलांना भारंगी अजून पाहायला मिळालेली नाही. आजींचा पुतण्या जेठात जुन्नरहून रोप आणणार आहे. गच्चीवरची एक मोठी कुंडी त्यासाठी रिकामी करून ठेवली आहे.