एक मेन्यू, दोन ‘डिलीट’

मेन्यू म्हटलं की आपल्या होस्टेलवाल्यांना आधी मेसचा फळा आठवतो. मलाही तोच आठवायचा. पण एका दिवाळीच्या सुट्टीनंतर मेन्यू म्हटलं की मला जामनेरचं आमचं दुकान आठवतं आणि पोटात गोळा येतो!

जामनेरला आमचं खत-बियाण्यांचं छोटं दुकान आहे. जूनमध्ये शेतकरी उधारीवर बियाणं नेतो आणि कापूस विकला की हिशोब चुकता करतो. अण्णांची ती लाल वही बघून मी ठरवलं, आपण जावा शिकतोय ना, मग स्विंगमध्ये प्रोग्रॅमच करून देऊ. केलाही. ‘खाते’ नावाचा मेन्यू, त्यात ‘नवीन’, ‘शोधा’ आणि ‘डिलीट’. सगळ्या आयटम्सना मिळून एकच ॲक्शनलिसनर लावला. आत गेटॲक्शनकमांडने आलेलं नाव बघायचं आणि इफ-एल्सने ठरवायचं, काय करायचं ते. झकास चाललं.

दिवाळीत अण्णा म्हणाले, “एखादी नोंद चुकली तर तेवढीच खोडता आली पाहिजे.” मी लगेच ‘नोंद’ असा दुसरा मेन्यू जोडला. त्यातही ‘डिलीट’. खाली आणखी एक एल्स-इफ. संपलं काम!

दुसऱ्या दिवशी एक काका पैसे द्यायला आले. त्यांच्या नावावर खताची एक गोणी दोनदा पडली होती. अण्णांनी ती नोंद निवडली आणि ‘नोंद’ मेन्यूतलं ‘डिलीट’ दाबलं. काकांचं अख्खं खातंच गायब! अण्णा माझ्याकडे बघून म्हणाले, “पोऱ्या, हे काय करू राह्यला तुझा डबा?”

आपण वेगळं नाव दिलं नाही, तर मेन्यू आयटमवर जी अक्षरं लिहिलेली असतात तीच त्याची ॲक्शनकमांड होते. माझे दोन्ही आयटम ‘डिलीट’ म्हणूनच हाक मारत होते. लिसनरला पहिला इफ भेटायचा, तो खातं उडवायचा. खालच्या एल्स-इफपर्यंत गाडी कधी पोचलीच नाही. आणि मी नवीन आयटम एकदाही दाबून बघितला नव्हता.

काकांनी ठरवलं असतं तर गुपचूप निघून जाता आलं असतं. पण ते स्टुलावर बसले आणि जूनपासूनची एकेक वस्तू तोंडाने सांगू लागले. अण्णांनी फळीवरून लाल वही काढली. माझ्या नकळत ते तीही लिहीतच होते! एका गोणीचाही फरक निघाला नाही.

त्या रात्री मी प्रत्येक आयटमला सेटॲक्शनकमांडने वेगळं नाव दिलं. नंतर एकच मोठा लिसनर मोडून ज्याचा त्याला स्वतंत्र लिसनर लावला. जावा १.१ मध्ये, १९९७ साली, लिसनरची ही पद्धत आली ती यासाठीच, की घटना घडली की ज्याचं काम त्यालाच निरोप जावा. २०१४ च्या जावा ८ पासून तर लॅम्बडामुळे ते एका ओळीत होतं. शिवाय खोडण्याआधी ‘नक्की?’ असं विचारणारी खिडकीही टाकली.

मित्रांनो, लॅबमध्ये प्रोग्रॅम चुकला तर सर फार तर दोन मार्क कापतात. दुकानात मात्र समोर माणूस उभा असतो. प्रोग्रॅम अजून चालू आहे. अण्णांची लाल वहीही चालू आहे, आणि ती बंद करा असं मी परत कधी म्हटलेलं नाही.