कोल्हापूर ते बाहुबली : सायकलीवरून तीर्थवंदना

कोल्हापूरहून कुंभोजच्या बाहुबली क्षेत्राकडे जाणारा रस्ता आपल्यापैकी बहुतेकांनी मोटारीच्या काचेतूनच पाहिला असेल. पंचगंगेचा पूल ओलांडून शिरोलीला सांगलीच्या रस्त्यास लागावे, हेर्ले आणि अतिग्रे मागे टाकून हातकणंगले गाठावे व तेथून उत्तरेस वळावे. अंतर सुमारे ३० किलोमीटर. मोटार तासाभरात पोहोचवते. सायकलीस दोन तास लागतात. मात्र त्या दोन तासांत हा मुलूख खऱ्या अर्थाने भेटतो. पौषातील पहाटे उसाच्या फडांवर धुके उतरलेले असते. ट्रॅक्टरच्या जोडट्रॉल्या कारखान्याकडे निघालेल्या असतात आणि त्यांतून सांडलेले पाचट व चिपाडे रस्त्याच्या कडेला पसरलेली असतात.

आपल्या समाजातील तरुण अलीकडे बारीक टायरच्या, हलक्या रोड सायकली घेऊन रविवारी तीर्थवंदनेस निघू लागले आहेत, ही आनंदाची गोष्ट होय. गेल्या पौषात आम्ही सात जण असेच निघालो होतो. हेर्ले ओलांडले आणि माझ्या भाच्याच्या सायकलीतून टकटक ऐकू येऊ लागली. गिअर बदलला की साखळी क्षणभर अडखळे, खरखर करी आणि मग मोठ्या आवाजाने पुढच्या दात्यांवर जाऊन बसे. त्याने दूरध्वनी करून दुकानदारास विचारले. साखळी, मागची दातेरी चक्रे, तार, सारेच बदलावे लागेल, बारा हजारांपर्यंत खर्च येईल, असे उत्तर आले. मुलाचा चेहरा उतरला. नोकरीच्या पहिल्या वर्षाच्या बचतीतून त्याने ती सायकल घेतली होती. अतिग्र्याहूनच परत फिरावे, असे तो म्हणू लागला.

आमच्या समवेत इचलकरंजीचे एक ज्येष्ठ स्नेही होते. यंत्रमागांच्या सुट्या भागांचा त्यांचा जुना व्यापार. मागाच्या आवाजावरून त्याचे दुखणे ओळखण्यात त्यांचे आयुष्य गेलेले. ते म्हणाले, "बाळ, आधी ऐकून घे, खर्चाचे मागाहून बघू."

लिंबाच्या सावलीत त्यांनी मागचे चाक उचलून धरावयास सांगितले. एका हाताने पायडल फिरवीत ते एकेक गिअर बदलत गेले. मोठ्या चक्राकडे जाताना साखळी अडखळत होती. लहान चक्राकडे मात्र विनातक्रार उतरत होती. "तार सैल आहे," ते म्हणाले. महिन्यापूर्वीच नवी तार घातली होती. नवी तार व तिचे आवरण पहिल्या काही फेऱ्यांत आपापल्या जागी बसते आणि ताण किंचित कमी होतो. तेवढ्यानेच साखळी ओढणारा डिरेलर चक्रासमोर नेमका उभा राहत नाही.

डिरेलरपाशी जेथे तार आत शिरते, तेथे खाचांची एक छोटी फिरकी असते. मागून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने त्यांनी ती पाव फेरा फिरवली आणि पुन्हा गिअर बदलून पाहिला. मग आणखी पाव फेरा. अडखळणे थांबले. दोष उलटा असता, म्हणजे लहान चक्राकडे उतरताना साखळी रेंगाळली असती, तर फिरकी उलट फिरवावयाची. जवळच्या दोन लहान स्क्रूंना मात्र त्यांनी हात लावू दिला नाही. त्यांनी डिरेलरची शेवटची हद्द ठरते; ती चुकली तर साखळी चाकाच्या आऱ्यांत जाऊ शकते.

खरखर थोडी उरली होती. तिचे कारण रस्ताच होता. धूळ तेलात मिसळून साखळीवर काळा लेप बसला होता आणि तो कानशीसारखा धातू झिजवतो. फडक्याने साखळी पुसली, प्रत्येक कडीवर तेलाचा एकेक थेंब सोडला आणि वरचे तेल पुन्हा पुसून काढले. शेवटी त्यांनी खिशातील टेप लावली. साखळीच्या बारा पूर्ण कड्या बरोबर १२ इंच भरल्या. त्या एक षोडशांश इंचाने वाढल्या असत्या, तर साखळी बदलणे भागच होते. डिरेलरचा आधार पडून वाकला असता किंवा तारेचे धागे तुटले असते, तरीही दुकान गाठावे लागले असते. येथे यांपैकी काहीच नव्हते. या कामी वीस मिनिटे लागली आणि पैसा एकही नाही.

गिअरच्या या विद्येशी एका व्यापाऱ्याचे नाव जोडलेले आहे. फ्रान्समधील सेंत एत्येन येथे रेशमाचा व्यापार केलेले पॉल द विवी (१८५३–१९३०) 'वेलोसिओ' या नावाने सायकलीचे मासिक चालवीत आणि अनेक गिअरांचा आग्रहाने पुरस्कार करीत. ते शाकाहारी होते, हे आपल्या वाचकांस विशेष वाटेल. तूर द फ्रान्स शर्यतीत डिरेलरास परवानगी मिळाली ती १९३७ साली, त्यांच्या निधनानंतर.

हातकणंगल्यापुढे आमच्या सातही सायकली जवळजवळ नि:शब्द चालत होत्या. गुरुदेव समंतभद्र महाराजांच्या प्रेरणेने येथे ब्रह्मचर्याश्रम सुरू झाला आणि १९६३ साली भगवान बाहुबलींची २८ फुटी शुभ्र संगमरवरी मूर्ती प्रतिष्ठित झाली. नि:सही म्हणत आम्ही आत गेलो. वर्षभर अचल उभे राहून, अंगावर वेली चढेपर्यंत तप करूनही मनातील एका सूक्ष्म शल्यापायी त्यांचे केवलज्ञान अडले होते, असे परंपरा सांगते. दर्शन घेताना भाचा हळूच म्हणाला, "मामा, केवढीशी गोष्ट अडवून धरते, नाही?"

तरुण वाचकांना एवढेच सांगावेसे वाटते, की वंदनेस निघण्याच्या आदल्या संध्याकाळी चाक उचलून दहा मिनिटे सायकलीचे ऐकावे. फडके, तेलाची छोटी बाटली आणि टेप सोबत असू द्यावी. रोजमेळात एक रुपयाचा फरक आला, तर आपण वही फेकून देत नाही. तो रुपया शोधतो.