बॅकअप आहे ना?

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत इंटर्नशिपच्या निमित्ताने पुण्यातल्या एका छोट्या ऑफिसचा सर्व्हर माझ्या ताब्यात आला. आला म्हणजे काय, तर आधीचा मुलगा नोकरी सोडून गेला होता आणि साहेब म्हणाले, "तुम्ही कॉम्प्युटरचे ना? मग हे तुम्हीच बघा." कॉम्प्युटर ब्रँचला असणं म्हणजे प्रिंटरपासून मिक्सरपर्यंत सगळं दुरुस्त करता येणं, हा समज फक्त आपल्या घरच्यांचा नाही तर!

सर्व्हर म्हटल्यावर एसी रूम आणि निळे दिवे डोळ्यांसमोर आले असतील तर पुसून टाका. जिन्याखालच्या कोनाड्यात, पाण्याच्या जारशेजारी एक काळा डबा. त्यावर लिनक्स, आणि शेजारी बॅकअपसाठी एक बाहेरची हार्ड डिस्क. रोज रात्री दोन वाजता क्रॉन सगळ्या फाइल्स त्या डिस्कवर उतरवायचा. पहिल्या दिवशी मी एवढंच विचारलं, "बॅकअप आहे ना?" "आहे की!" म्हणाले. विषय संपला.

3 जूनला प्रिंट निघेनात. बघतो तर डिस्क शंभर टक्के भरलेली. मग काय, साफसफाई! 'जुने' नावाचं एक जाडजूड फोल्डर दिसलं आणि मी ते उडवलं. पुन्हा बघितलं तरी शंभर टक्केच. कारण भरलं होतं सिस्टिमचं पार्टिशन आणि मी उडवलेलं फोल्डर होतं डेटाच्या पार्टिशनवर. कुठलं पार्टिशन भरलंय हे 'डीएफ'ने दहा सेकंदांत समोर दाखवलं होतं. मी फक्त शंभराचा आकडा वाचला, शेजारचं नाव वाचलंच नाही. व्हायवात आपण नेमकं हेच करतो.

तासाभराने अकाउंट्सच्या मॅडम आल्या. "अरे, माझं 'जुने' कुठे गेलं? पगाराच्या शीट्स आहेत त्यात." जुने म्हणजे जुन्या पद्धतीच्या शीट्स, आणि त्या रोज वापरात! सात तारखेला अठरा माणसांचा पगार. माझ्या पोटात गोळा आला, तरी मी तोऱ्यात म्हटलं, "बॅकअप आहे ना, मॅडम!"

बाहेरची डिस्क उघडली. शेवटची तारीख 11 मार्च.

झालं होतं असं. उन्हाळा सुरू झाल्यावर शिपाई काकांनी टेबलफॅनसाठी त्या डिस्कची पिन काढली होती. त्यांची काही चूक नाही, त्या पिनवर कोणी काही लिहिलंच नव्हतं. डिस्क गेली तरी ती जिथे जोडली जायची ते रिकामं फोल्डर सर्व्हरवर होतंच. क्रॉन बिचारा आज्ञाधारक, रोज त्यातच कॉपी करत राहिला. म्हणजे सर्व्हरचा बॅकअप सर्व्हरच्याच पोटात! त्यानेच जागा संपली, आणि जागा संपल्यावर 25 मेपासून बॅकअपही बंद पडला.

नशीब एवढंच की जागा करायला मी ते फोल्डर उडवलं नव्हतं. 25 मेपर्यंतचं सगळं त्यातून मिळालं. उरलेल्या नऊ दिवसांच्या नोंदी मॅडमनी दोन संध्याकाळी बसून हजेरीपुस्तक आणि व्हाउचरांवरून पुन्हा भरल्या. मी एकेक आकडा वाचून दाखवत होतो. त्या एका शब्दानेही रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पगार सातलाच झाला.

हे फक्त आपल्यासारख्या नवख्यांचंच होतं असं नाही. 31 जानेवारी 2017 रोजी गिटलॅबच्या एका इंजिनिअरने चुकून मुख्य डेटाबेसचीच डिरेक्टरी उडवली. बॅकअपच्या पाच पद्धती होत्या, पण वेळेला एकही नीट चालली नाही. शेवटी सहा तासांपूर्वी योगायोगाने घेतलेली एक प्रत कामी आली. त्यांनी हे सगळं जगासमोर मोकळेपणाने मांडलं, हे मात्र शिकण्यासारखं.

तेव्हा मित्रांनो, उद्या कुठल्याही ऑफिसचा काळा डबा तुमच्या गळ्यात पडला तर एवढं करा. पहिल्याच दिवशी बॅकअपमधून एक फाइल परत काढून उघडून बघा, आणि मग दर महिन्याला. डिस्क खरंच जोडलेली आहे का, हे स्क्रिप्टला कॉपीच्या आधी तपासायला लावा आणि नसेल तर तुम्हाला मेल करायला सांगा. रेडच्या भरवशावर राहू नका: एक डिस्क बिघडली तर ते वाचवतं, पण तुम्ही फाइल उडवलीत तर दोन्ही डिस्कवरून इमानदारीत उडवतं. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक ऑफिसच्या बाहेर. कुठलंही फोल्डर आधी फक्त नाव बदलून ठेवा. महिनाभर कोणी ओरडलं नाही, तर मालकाला विचारून मगच उडवा. शनिवारी संध्याकाळी काहीही बदलू नका. केलेलं सगळं वहीत लिहा. आणि प्रत्येक पिनवर चिठ्ठी लावा, ठळक मराठीत.

निघताना मी लावलेली चिठ्ठी अशी होती: "काका, ही काढू नका. पंख्यासाठी एक्स्टेन्शन बोर्ड आणलाय."

आता प्रोजेक्ट रिपोर्ट एकाच पेन ड्राइव्हवर घेऊन हॉस्टेलभर फिरणाऱ्यांनी जरा खिसा चाचपून बघावा. बॅकअप आहे ना? आणि असेल, तर शेवटचा उघडून कधी बघितला होता?