गावचा धन्वंतरी

शिक्षकाच्या नोकरीत माझ्या बदल्या वारंवार होत. नव्या गावी बिऱ्हाड मांडण्यापूर्वी मी एक चौकशी आवर्जून करीत असे : रात्री-अपरात्री दार ठोठावले, तर उठेल असा डॉक्टर येथे कोण आहे?

ही सवय मला कोकणातील बालपणाने लावली. पेंढ्यात दडलेला तांबडा विंचू डसला, की माणूस घामाने भिजे, हातपाय गार पडत, पुढे फुप्फुसांत पाणी साठून श्वास कोंडे. डॉक्टर कोसभर दूर; मांत्रिक मात्र हाकेच्या अंतरावर!

१९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात रुजू झाले. विंचूदंशाचे रोगी डोळ्यांदेखत दगावताना पाहून ते हताश झाले नाहीत. उशाशी बसून त्यांनी एकेक लक्षण टिपले. १९८२ साली ही निरीक्षणे ‘लॅन्सेट’ या इंग्लंडमधील विख्यात वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. विषामुळे रक्तवाहिन्या आकसतात व हृदयावर असह्य ताण पडतो, हे जाणून त्यांनी रक्तदाब उतरवणारी प्राझोसिन ही साधी गोळी योजिली. जेथे शंभरांतील सुमारे ४० रोगी दगावत, तेथे हे प्रमाण एकावर आले! २०२२ साली त्यांना ‘पद्मश्री’ लाभली.

मुलांनो, आज १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावता येते. परंतु ती रोग्याला जेथे नेते, तेथे जाणता आणि जागा असलेला माणूसही हवा. तुमच्यापैकी कोणी असा माणूस होईल काय?