पोरांशीही बोलायला हवं

आज नांदेडला देगलूर नाक्याच्या वस्तीत मुलींसोबतचा सगळा तास निळ्या गोळीवरच गेला. आठवड्याला एक, लोह आणि फॉलिक ॲसिडची, अंगात रक्त वाढावं म्हणून. पण कुणीतरी सांगून ठेवलंय, तिनं पुढं लेकरू होत नाही. ‘ताई, खरंय का?’ नाही गं, साफ खोटं. जेवल्यावर घ्या, वर लगेच चहा पिऊ नका, शी काळी झाली तर घाबरू नका. एवढं कुणी निवांत बसून सांगितलं असतं, तर गोळ्या नालीत गेल्या नसत्या.

लातूरच्या मुलींच्या गटात बोलणं पाण्यावरच येतं. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी सगळ्या देशानं पाहिलं. घागरींच्या हिशेबात पाळीचं कापड धुवायचं पाणी मात्र कुणी धरलं नाही. कापड वाईट नसतंच. साबणानं धुऊन उन्हात वाळवायला हवं. एका खोलीच्या घरात ते साडीखाली, दमट अंधारात वाळतं. बापाला, भावाला हे कळायला नको?

राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ पासून १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी, दोघांसाठीही आहे. तरी स्वप्नदोषाला आजार समजून पोरं भिंतीवरच्या जाहिरातीतला वैद्य गाठतात. त्यांना दादा लागतो, माझ्याशी ती मोकळी होत नाहीत. देगलूर नाक्याच्या वस्तीतलाच एक बी.ए.चा मुलगा त्यासाठी तयार झालाय. पोरं कामावरून परतल्यावर, रात्री आठला बसायचं म्हणतो.