डावी चकती

हृदयाच्या दोन कर्णिकांमधल्या पडद्यातलं भोक बंद करणारी छत्री सोडण्याचा क्षण मला अजून आवडतो. केबल सुटते, दोन्ही चकत्या पडद्याला चिकटून बसतात, कॅथलॅबमधलं कुणीतरी 'वा सर!' म्हणतं. ती दाद मला हवी असते. वय झालं तरी ती हाव गेलेली नाही.

पण हल्ली मन अडकतं ते पुढच्या काळात. माझ्याकडे शिकणाऱ्या मुलीने मध्यंतरी टीईई, म्हणजे अन्ननलिकेत नळी घालून केलेला इको, करता करता विचारलं, "सर, हे अस्तर की गुठळी?" छत्री बसवून काही वर्षं झालेली, पेशंटला तोवर त्रास शून्य, आता आली होती ती अधूनमधून छातीत धडधडतं म्हणून.

प्रश्न सोपा नाही. डाव्या चकतीच्या मध्यावर तारांची टोकं बांधलेली घुंडी असते. ती चमकते, मागे सावल्या टाकते, आणि त्या सावल्यांत काहीही दिसू शकतं. (फिगुला छत्रीत डावीकडे ती घुंडीच ठेवलेली नाही, त्या कल्पनेचं मला मनापासून कौतुक आहे.) मी तिला यंत्राचा गेन उतरवायला लावला, मग कोन नव्वद अंशांपासून हळूहळू पुढे न्यायला. सावली कोन बदलला की सरकते. हे सरकलं नाही. चकती हलायची तशी त्याची कड हलत नव्हती. ती आपल्याच तालात, किंचित मागून थरथरत होती. अस्तर असं थरथरत नाही.

तारांवर शरीर स्वतःचं अस्तर चढवतं, साधारण तीन ते सहा महिन्यांत. त्या हिशेबाने आपण ॲस्पिरिन थांबवतो आणि निश्चिंत होतो. पण शस्त्रक्रियेत बाहेर काढलेल्या काही छत्र्यांवर वर्षांनंतरही उघडी जाळी सापडली आहे. फ्रँकफर्टच्या गटाने 2004 मध्ये 1000 पेशंटचा अनुभव छापला. गुठळी 20 जणांत. 14 जणांत ती चार आठवड्यांच्या तपासणीत दिसली, सहा जणांत त्यानंतर. सगळे त्यातला ॲम्प्लाट्झर छत्रीचा आकडा सांगतात, कारण एएसडीत (पडद्यातल्या या भोकात) तो शून्य होता. मी त्या सहांपाशी थांबतो. त्याच लेखात बसवल्यानंतर सुरू झालेलं एट्रियल फिब्रिलेशन हे धोक्याचं कारण म्हणून आलं आहे. कर्णिका आकुंचन पावेनाशी झाली की रक्त रेंगाळतं, आणि चकतीवर उघडी जागा उरली असेल तर तिथेच धरतं. चाळिशीनंतर भोक बंद केलेल्यांत हे फिब्रिलेशन पुढे कधीही डोकं वर काढू शकतं.

म्हणून 'डिव्हाइस जागेवर, गळती नाही' एवढी एक ओळ लिहून मोकळे होणाऱ्यांचा मला संताप येतो. छातीवरून केलेल्या इकोत डाव्या चकतीचा पृष्ठभाग धड दिसत नाही, हे त्यांनाही ठाऊक असतं. आमचे सर्जन मित्र म्हणतात, पेरिकार्डियमचा पॅच शिवला असता तर ही कटकटच नव्हती. त्यांचं म्हणणं मी पूर्वी हसण्यावारी नेत असे, आता नेत नाही. तरी दोन दिवसांत घरी जाणारा पेशंट पाहिला की मी छत्रीच्याच बाजूने उभा राहतो.

धडधडीसाठी आलेल्या त्या बाईंच्या ईसीजीत फिब्रिलेशन निघालं. हेपरिन, मग वॉरफरिन, आयएनआर दोन ते तीन. पुन्हा टीईई केला तेव्हा चकती स्वच्छ होती. वॉरफरिन आम्ही थांबवलेलं नाही. फिब्रिलेशन आहे तोवर तो विषय बंद.

आता मुलीचा हट्ट आहे की जुन्या सगळ्या पेशंटना नळी गिळायला लावून पाहावं. मला ते पटत नाही. तक्रार नसलेल्या माणसाला तो त्रास कशासाठी? ईसीजी मात्र दर भेटीत, आणि धडधड म्हणणाऱ्याला होल्टर, मग छत्री कितीही जुनी असो. यावर आमचा वाद अजून मिटलेला नाही.